डोहाळे: डोहाचे की दोन हृदयांचे?

प्रतापनगरातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. सुनेच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायची आहे, तर 'डोहाळजेवण' लिहावं की 'डोहाळेजेवण'? शिवाय त्यांचे व्याही म्हणतात, बाळ आईच्या पोटात पाण्यात असतं, त्या डोहावरून 'डोहाळे' आलं. हे खरं का?

व्याह्यांची कल्पना मला फार आवडली. बाळ खरंच पाण्यात असतं, आणि आठव्या महिन्याच्या सुमारास ते गर्भजल पाऊण लिटरच्या आसपास भरतं. पण शब्दाचं मूळ तिथे नाही. नदीतला डोह वेगळा, डोहाळ्यांतला 'डोह' वेगळा.

संस्कृतात दोन शब्द आहेत, 'दौहृद' आणि 'दोहद'. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, त्याला इच्छा होऊ लागतात, म्हणून त्या बाईला दोन हृदयांची, 'दौहृदिनी' म्हणतात. तिला जे खावंसं वाटतं ते एकटीचं नसतं, ते आतल्याचं मागणं असतं, असा त्यामागचा विचार. 'दोहद' हाच शब्द आधी लोकांच्या तोंडी होता आणि पंडितांनी त्यावरून 'दौहृद' घडवला, असंही एक मत आहे. तरी दोन हृदयांचा अर्थ इतका जुना आहे की तो शब्दाला चिकटूनच बसलाय.

गेल्या चैत्रात भाचीबरोबर धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेले होते. तिला चौथा महिना. डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावून डॉप्लर टेकवला. आधी संथ धप्‌ धप्‌ ऐकू आलं. "हे तुझेच ठोके. थांब जरा." यंत्र दोन बोटं खाली सरकलं आणि एकदम घोडा दौडत यावा तसा आवाज. पडद्यावर आकडा १४८. भाचीचे ऐंशीच्या घरात. एकाच पोटातून दोन ताल! 'दौहृदिनी' मी कितीदा वाचला होता, ऐकला त्या दिवशी.

आजच्या मोजणीने हृदय चौथ्या महिन्याच्या बरंच आधी, गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी, धडधडू लागतं. सुश्रुतांचा महिना जुळत नाही, पण इच्छांबद्दलची एक गोष्ट मला थक्क करते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळ गर्भजल गिळायला लागतं, आणि आईने खाल्लेल्या लसणाचा वास त्या पाण्यात उतरतो. सुनेने कोथिंबिरीची सांबारवडी मागितली तर ती एकटीच चाखत नसते.

आता 'दोहद'चं 'डोहाळा' कसं झालं? वररुचीच्या प्राकृत व्याकरणात 'कदंब' आणि 'दोहद' एकाच सूत्रात आले आहेत. दोन्हींत 'द'चा 'ल' होतो. पुढे मराठीत तो 'ळ' झाला. म्हणून कदंबाच्या झाडाला आपण कळंब म्हणतो. वर्ध्याहून यवतमाळला जाताना कळंब गावाची पाटी दिसेल, तेव्हा हा 'ळ' आठवा. सुरुवातीच्या 'द'चा 'ड' तर मराठीत नेहमीचाच: 'दोला'वरून डोलणे, 'दंश'वरून डसणे. आणि गावाकडची आजी 'डोहाये लागले' म्हणाली तर तिला सुधारू नका. 'डोळे'चं 'डोये' करणाऱ्या वऱ्हाडीत तेच बरोबर आहे.

'दोहद' फक्त बायकांना नव्हता, झाडांनाही होता. सुंदर स्त्रीच्या डाव्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो, हा त्याचा दोहद. मेघदूतातला यक्ष आपल्या अंगणातल्या अशोकाबद्दल हेच सांगतो, आणि तो सांगतो रामगिरीवरून. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. झाडाला फूल यायच्या आधी जी ओढ लागते तिला, आणि पोटुशीला चिंचेची लागते तिला, एकच शब्द!

पत्रिकेचं म्हणाल तर 'डोहाळजेवण' छापा. बोलण्यात आणि छापण्यात तेच रुळलंय. 'घोडा'चं 'घोडदौड' होताना मागचा स्वर गळतो, तसाच इथेही गळलाय. आणि जागा उरली तर खाली बारीक अक्षरात 'दोन हृदयांचं जेवण' घाला, व्याह्यांनाही आवडेल.