तबल्याच्या साथीला पहिल्यांदाच बर्लिनला चाललोय, डिसेंबरात. पहिले दोन-तीन दिवस काय काळजी घ्यावी?

तबला सुरात मिळवायची हातोडी चेक-इनच्या बॅगेत टाका. बाकीचं नंतर.

"एवढं कळतं हो" म्हणाल. मलाही कळत होतं. तरी 2017 च्या डिसेंबरात बुवांच्या साथीला निघालो तेव्हा हातोडी तबल्याच्या बॅगेच्या कप्प्यातच होती. ती तिथंच असते. पुण्यात नारायण पेठेतून भरत नाट्य मंदिरात जाताना असते तशी. डग्गा स्वेटरांत गुंडाळून सामानात दिला होता, तबला माझ्याजवळ. तपासणीच्या यंत्रातून बॅग गेली आणि हातोडी जवानाच्या हातात आली. विमानात ती हत्यार धरतात. नियम बरोबरच आहे, पण सामान तोवर पुढं गेलेलं. राहिली तिथंच, जप्त कात्र्यांच्या सोबतीला.

शनिवारी रात्री पोचलो, कार्यक्रम रविवारी संध्याकाळी. बुवा आयोजकांच्या घरी, मी नॉयकोल्न भागात कुणाच्या तरी रिकाम्या खोलीत. (साथीदार म्हटलं की तिसरा मजला, तोही बिनलिफ्टचा. असो.) बाहेर शून्याखाली, आत रात्रभर रेडिएटर. सकाळी उघडून बघतो तर काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला चांगला अर्धा सूर चढलेला. कोरड्या हवेत कातडं आवळतं. आपल्याकडे पावसाळ्यात तबला उतरतो त्याच्या बरोबर उलटं. आता उतरवायचा तर गजऱ्याला, म्हणजे कातड्याच्या विणलेल्या काठाला, खालून ठोके हवेत, आणि ठोकायचं कशानं? कातडी पट्ट्यांखालचे लाकडी गट्ठे अंगठ्यानं सरकवून बघितले. बोटं सुजली, गट्ठे जागच्या जागी.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद, कायद्यानंच. कोपऱ्यावर एक 'श्पेटी' तेवढी उघडी होती. श्पेटी म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारी, आपल्या पानपट्टीची थोरली बहीण. चालवणारे तुर्की काका. मला जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजी नाही, पण हातोडीला जर्मनमध्येही 'हामर'च म्हणतात हे त्या दिवशी कळलं. काउंटरखालून त्यांनी खिळे उपटायची धटिंगण हातोडी काढून दिली. तिला मोजा चढवून खोलीत चार ठोके मारले नसतील तोच दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. एकच शब्द: "झोनटाग!" म्हणजे रविवार. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता रोजचीच, रविवारी दिवसभर. त्यात मी ठोकाठोकी करत होतो.

मग तबला उचलून पुन्हा श्पेटीत. बिअरच्या क्रेटवर ठेवला, मोबाइलवर तानपुरा लावला आणि फ्रिजच्या घरघरीत सुरात मिळवला. काकांनी मध्येच शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, बोट मारून बघितलं, त्यांच्याकडचा दरबुका ढोल वाजवतात तसं, आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळले. हातोडी त्यांनी संध्याकाळपुरती दिली. बरं झालं. हॉल भरला, माणसांनी हवा दमट झाली आणि सुरुवातीच्या संथ विलंबितातच तबला उतरायला लागला. बुवांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. ज्यांनी साथ केलीय त्यांना ते बघणं माहीत आहे.

एवढं सविस्तर लिहायचं कारण, आमचे थोरले गुरुबंधू दरवर्षी सवाई गंधर्व महोत्सवात चहाच्या स्टॉलपाशी चारचौघांत सांगतात, "हा बर्लिनला हातोडी विसरला." विसरलो नव्हतो. काढून घेतली. वर म्हणणार, पट्ट्यांऐवजी नट-बोल्टचा तबला घे, पाना फिरवला की झालं. पाना काय फूल आहे? तेही अवजारच. आणि बोल्टच्या तबल्याला वादीच्या, म्हणजे कातडी पट्ट्यांच्या, तबल्याचा नाद येत नाही, हे मी कुणापुढेही सांगायला तयार आहे.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर घड्याळ साडेचार तास मागं जातं, पहाटे तीनला टक्क जाग येते. तेव्हा मांडीवर बोल वाजवा, तबला उघडू नका. तो रेडिएटरपासून लांब, गादीच्या आड ठेवा. डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो, तेव्हा फिरायचं ते सकाळी. मेट्रोचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही, प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. नाहीतर 60 युरो दंड. बाकरवडी न्या. पेढे आणि तूप नको, दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. व्हिसा कार्यक्रम करण्याचाच आहे ना, हे आयोजकांकडून लेखी घ्या.

आणि हो, तबला केबिनमध्ये घेणार असाल तर आधी तुमच्या विमान कंपनीची वजनाची मर्यादा बघा. बऱ्याच ठिकाणी सात-आठ किलोच चालतं, तबला आणि डग्गा दोन्ही त्यात बसवणं कठीण. बोल्टबद्दल जरा जास्त बोललो असेन. थंडीत तो सोयीचा पडतो, चांगले चांगले वादक नेतात. गेल्या हिवाळ्यात मीही एक जादा म्हणून नेला होता. गुरुबंधूंना माहीत नाही.