दंडगोलाकार कवचाचा पहिला मोड पाच लहरींचा का येतो?

आपला प्रश्न असा आहे की, दोन्ही टोकांना साधा आधार दिलेल्या पोलादी दंडगोलाकार कवचाची (पातळ भिंतीच्या नळकांड्याची) सर्वांत कमी नैसर्गिक वारंवारिता परिघावर पाच लहरी असलेल्या मोडची (कंपनाच्या आकाराची) येते आणि प्रत्येक वारंवारिता यादीत दोनदा दिसते, तर संगणकावरचे मॉडेल चुकले आहे का. माझ्या मते ते चुकलेले नाही. आकार जितका साधा तितकी वारंवारिता कमी, हा तुळईचा नियम कवचाला लागू पडत नाही.

तुळईत मुख्यतः वाकण्याचीच ऊर्जा हिशेबात येते. वक्र कवचात मात्र मध्यपृष्ठ (भिंतीच्या जाडीच्या मधोमधचा पृष्ठभाग) ताणले जाण्याची ऊर्जा आणि वाकण्याची ऊर्जा अशा दोन ऊर्जा असतात, आणि परिघावरच्या लहरी वाढत जातात तशी पहिली झपाट्याने घटते व दुसरी वाढते. त्रिज्या 1 मीटर, लांबी 2 मीटर आणि जाडी 10 मिलिमीटर असे कवच घेऊन, लांबीत एक अर्धलहर धरून, उथळ कवचाच्या सोप्या सूत्राने हिशेब केला तर दोन लहरींना सुमारे 314, तीन लहरींना 179, पाच लहरींना 101 आणि सात लहरींना 134 हर्ट्झ येतात. दोन लहरींच्या मोडमध्ये जवळजवळ सगळी ऊर्जा ताणण्याची असते, तर पाच लहरींना दोन्ही वाटे साधारण सारखे होतात. किमान वारंवारिता नेमकी त्याच्या आसपास पडते. (हे सूत्र पृष्ठाच्या पातळीतल्या हालचालीचे जडत्व सोडून देते, त्यामुळे दोन-तीन लहरींचे आकडे ते थोडे जास्त दाखवते.) आता जाडी दुप्पट करून पाहा: दोन लहरींची वारंवारिता जेमतेम हलते, पण किमान वारंवारिता सुमारे 143 हर्ट्झवर जाते आणि ती चार लहरींच्या मोडची होते. जाडी वाढवून कंपन आवरू पाहणाऱ्याने हे आधी तपासावे, कारण कोणता मोड त्रास देतो त्यावर तो खर्च उपयोगी पडेल की वाया जाईल हे ठरते.

हा प्रश्न जुना आहे. भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी 1881 मध्ये मध्यपृष्ठ ताणलेच जात नाही असे मानून वारंवारिता काढल्या. गणितज्ञ लव्ह यांनी 1888 मध्ये दोन्ही ऊर्जा धरणारा सिद्धांत मांडला. आणि टोके धरलेल्या नळकांड्यांबाबतचा हा उलटा क्रम अर्नोल्ड व वॉरबर्टन यांनी 1949 मध्ये ऊर्जेच्या या वाटणीवरून उलगडून दाखवला. रॅले यांचे गृहीतक टोके मोकळी असताना उत्तम चालते: वरच्याच 10 मिलिमीटरच्या कवचाची टोके मोकळी सोडली, तर त्याचा दोन लहरींचा मोड 6 ते 7 हर्ट्झवर उतरतो. टोकांच्या आधाराचा प्रभाव एवढा मोठा असतो.

वारंवारितांची जोडी येते ती अक्षीय सममितीमुळे. एक मोड कोसाइनचा, दुसरा तोच पण परिघावर पाव लहर सरकलेला. मेश (मॉडेलमधली घटकांची जाळी) असमान असेल तर जोडीतील आकडे किंचित वेगळे होतात. म्हणून मोड मोजून मागताना दुप्पट मागावेत, आणि दर लहरीमागे निदान आठ-दहा रेषीय घटक ठेवावेत, नाहीतर जास्त लहरींच्या वारंवारिता चुकतात आणि किमान मोड भलताच दिसू शकतो.

मला खरी शंका आहे ती आधाराबद्दल. साध्या आधारात टोकाची अक्षीय (लांबीच्या दिशेची) हालचाल मोकळी असते. ती चुकून बांधली गेली तर मध्यपृष्ठ ताणले जाते आणि किमान वारंवारिता बरीच वाढते, टोकाचा उतार बांधण्याने (भिंतीला टोकाशी वळू न देण्याने) सहसा वाढते त्याहून अधिक. आपल्या मॉडेलमध्ये ही अक्षीय हालचाल बांधली आहे की मोकळी, हे कृपया मोडच्या आकड्यांसह कळवावे.