अवयव एकही सापडलेला नाही, तरी संख्या संयुक्त आहे हे कसं कळतं?

तुम्ही विचारलंय, काही प्रचंड संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, पण त्यांचा एकही अवयव माहीत नाही. मग भाग जातो हे ठरवलं कसं?

मी रावेर तालुक्यात गणित शिकवतो. आमच्याकडे केळीची बाग खोडांवर मोजतात, म्हणून वर्गात विचारतो: ९१ खोडं सारख्या ओळींत लावता येतील का? एकच लांब ओळ किंवा ओळीला एकच खोड चालणार नाही. पोरं २, ३, ५ ने भागून बघतात आणि ‘नाही सर, मूळ संख्या आहे’ म्हणतात.

आता भागाकाराच्या वाटेला न जाता बघू. फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये एक नियम सांगितला. त्याचा आपल्या कामाचा भाग असा: २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यातून १ वजा करा, २ चा तेवढा घात काढा आणि त्याला त्या संख्येने भागा. बाकी १ च उरते. म्हणजे ९१ मूळ असेल, तर २ च्या ९० व्या घाताची बाकी १ यायला हवी.

२ चा १२ वा घात ४०९६. ९१ × ४५ = ४०९५, म्हणजे बाकी १. ९० मध्ये १२ सात वेळा बसतात आणि ६ उरतात. त्या सातही वेळा बाकी १ च, म्हणून शेवटी राहतो तो २ चा ६ वा घात: ६४. यायला हवा होता १, आले ६४. ९१ मूळ नाही! आणि बघा, ९१ म्हणजे ७ × १३, पण ७ ने किंवा १३ ने आपण कुठेच भागून बघितलं नाही. ओळी लागतात एवढं कळलं, किती ते नाही. मला हे गणितातलं सगळ्यात सुंदर ठिकाण वाटतं.

नियम उलटा मात्र लावू नका. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागलं तर बाकी १ येते, तरी ३४१ ही ११ × ३१ आहे.

मोठ्या संख्येला घात एकदम काढत नाहीत. वर्ग करायचा, बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग. १०० अंकी संख्येला असे साधारण ३३० वर्ग पुरतात. एकेक अवयव तपासत बसलात तर ५० अंकी संख्यांपर्यंत जावं लागेल.

२ चा ६७ वा घात वजा १, ही २१ अंकी संख्या संयुक्त आहे हे फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, तेही अवयवांशिवाय (त्याची कसोटी वेगळी होती). अवयव मिळाले १९०३ मध्ये, अमेरिकन गणितज्ञ कोल यांना: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मध्ये २७ वर्षं गेली.

तुम्ही म्हणता तसली संख्या म्हणजे २४ क्रमांकाची फर्मा-संख्या, ५०,५०,४४६ अंकी: २ चा २४ वा घात काढा, २ चा तेवढा घात घ्या आणि त्यात १ मिळवा. फर्मा-संख्यांना २ घेऊन उपयोग नाही, त्यांची बाकी नेहमी १ च येते. म्हणून ३ घेऊन पेपँची, खास फर्मा-संख्यांसाठीची, कसोटी लावतात. १९९९ मध्ये ती संयुक्त ठरली. अवयव अजून एकही हाती नाही.

वहीवर ११९ करून बघा. २ चा ७ वा घात १२८, बाकी ९. तिथून पुढे चला. ११८ व्या घाताला ३० उरले तर तुमचं बरोबर.