नगरपरिषदेची वेबसाइट सुधारायला आपण नागरिक काय मदत करू शकतो?

भाऊ, आधी नव्या डिझाइनच्या मागं लागू नका. मोबाइल घ्या अन् घरपट्टी भरायचं नाहीतर जन्माच्या दाखल्याचं काम स्वतः शेवटपर्यंत करून बघा, जिथं अडकलं तिथला स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्या इथं आई नळपट्टीचे दर बघायलती, पीडीएफ उघडली तर स्कॅन केलेला वाकडा कागद, झूम केलं की अक्षरं फुटायलती, अन् असलं स्कॅन सर्चमधे धड सापडत नाही, अंध माणसाला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तर बहुतेक वेळा ते वाचूच शकत नाही. तोच तक्ता आम्ही दोघातिघांनी युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याबी मोबाइल-कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाईप करून दिला, नगरपरिषदेनं वेबसाइटवर लावला बी. दुसरं म्हणजे महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा. कोणती सेवा, किती दिवसात, फी किती, अधिकारी कोण हे लोकांसाठी लावणं त्यात बंधनकारक आहे, वेबसाइटवर तेवढं एक पान आधी मागा, तेच सगळ्यात कामाचं. मुख्याधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. नगरपरिषदेतल्या कॉम्प्युटर ऑपरेटरवर मात्र ओरडू नका, त्या पोराच्या हातात काहीच नसतं, उलट त्याच्याशेजारी बसून विचारा की कोणत्या फॉर्मसाठी लोकं सारखे हेलपाटे मारायलेत, खरी यादी त्याच्याकडंच निघते.