ख्रिस्ती विश्वासाने मनाची जखम खरंच भरते का, की माझाच विश्वास कमी पडतोय?

ताई, तुम्ही लिहिलंय की सख्ख्या भावानं घराच्या वाटणीत फसवलं, मंडळीतले सगळे म्हणतात माफ कर आणि विसर, तुम्ही रोज प्रार्थना करता तरी रात्री झोप नाही, म्हणजे विश्वासच कमी आहे का. मला तरी तसं वाटत नाही. जखम भरते, पण लोक सांगतात तेवढ्या लवकर नाही भरत, आणि विसरून तर अजिबातच नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. बाबा गेल्यावर मोठ्या बाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, आमच्या वाट्याचं वावर स्वतःच्या नावावर करून घेतलं. वावर गेल्याचं दुःख होतंच, पण ज्यांच्या ताटात जेवून लहानाचा मोठा झालो त्यांनीच केलं हे जास्त लागलं. त्यात चर्च एकच, दर रविवारी ते पुढच्या बाकावर, प्रभुभोजनाला दोघंही तिथंच, भाकरीचा तुकडा तोंडात नुसता फिरायचा, खाली उतरायचा नाही.

तेव्हा मलाही बायबलातली योसेफाची गोष्ट ऐकवायचे, बघ त्यानं भावांना कशी क्षमा केली. मग मी उत्पत्तीत, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पुस्तकात, ती नीट वाचली, ३७ व्या अध्यायापासून पुढं. १७ वर्षांचा पोरगा, भावांनी २० रुप्याच्या नाण्यांना विकला. पुढं तो मिसरात, म्हणजे इजिप्तात, मोठा अधिकारी झाला, भाऊ तिथं धान्यासाठी आले आणि त्यानं ओळख दिली तोवर हिशोब केला तर साधारण २२ वर्षं होतात! आणि आल्या आल्या गळ्यात नाही पडला तो, हेर म्हणून तीन दिवस कैदेत टाकलं, शिमोनाला बांधून ठेवलं, दुसऱ्या खेपेला आतल्या खोलीत जाऊन रडला, तोंड धुऊन बाहेर आला. धाकट्या बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवा असं त्यांच्यातलाच एक भाऊ यहूदा म्हणाला, म्हणजे हे लोक बदललेत हे दिसलं, तेव्हा कुठं त्यानं सांगितलं मी योसेफ. हा मधला भाग उपदेशात कोणी घेतच नाही, सरळ शेवटावर उडी.

मला खरा आधार मिळाला तो आमच्या गल्लीतल्या घरगुती प्रार्थनासभेत. कापूस वेचणीच्या दिवसात सभा उशिरा भरते, बाया दिवसभर वेचून आलेल्या, सतरंजीवर अर्ध्या पेंगतात. एक म्हातारी आजी, पोरगा गेलेला, डोळे मिटून मोठ्यानं म्हणाली, "देवा, तू पाहून रायला का नाई? मंग बोलत कावून नाई?" कोणी टोकलं नाही तिला, पाळकसाहेब पण आमेन म्हणाले. देवाशी भांडता येतं हे मला तिथं कळलं. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातली जवळपास एक तृतीयांश अशीच गाऱ्हाणी आहेत, ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आभार वगैरे काही नाही. मग मीही मोठ्या बाबांचं नाव घेऊन देवाला सगळं ऐकवायला लागलो, शिव्यांसकट म्हटलं तरी चालेल. छाती हळूहळू हलकी झाली, एका दिवसात नाही.

आणि क्षमा म्हणजे हक्क सोडणं नाही हो. वावराची केस आमची चालू आहे. त्यांचं वाईट व्हावं असं आता वाटत नाही, रस्त्यात भेटले तर बोलतो, पण कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करत नाही. यात पाप आहे असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मला मरण दे म्हणत होता, त्याला देवदूतानं प्रवचन नाही दिलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खाऊ घातलं (१ राजे १९). डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास नाही. जवळ कोणी नसेल तर मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली मानस नंबर आहे १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

सुरुवात करायची तर स्तोत्र १३ घ्या, फक्त सहा वचनं. घरात कोणी नसताना मोठ्यानं वाचा. शेवटची दोन भरवशाची आहेत, ती म्हणवत नसतील तर चौथ्यावर थांबा, पुढची नंतर म्हणता येतील.