पुन्हा बायोप्सी करण्याआधी बाटल्यांचं ठरवा

भाऊ, वडिलांच्या फुफ्फुसातल्या गाठीची सीटी गाईडेड बायोप्सी (सीटीवर बघत सुईनं तुकडा काढणं) झाली, रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन (टीबी, बुरशी अशा आजारांत दिसणारी सूज), कल्चर (जंतू वाढवून तपासणं) करून बघा' आलं, आणि कल्चरला तुकडाच उरला नाही म्हणून परत सुई टोचायची म्हणतात, हे तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. याच चुकीनं आमचा दीड महिना गेला. मी डॉक्टर नाही. खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

चूक सुईची नाही, बाटलीची आहे. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात गेले. हिस्टोपॅथॉलॉजीला (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला) १० टक्के फॉर्मॅलिनच लागतं, पण त्यात जंतू मरतात. मग टीबीचं किंवा बुरशीचं कल्चर होणारच नाही. त्यासाठी एक-दोन तुकडे निर्जंतुक डबीत, थोड्या साध्या नॉर्मल सलाईनमध्ये वेगळे ठेवावे लागतात. सीबीनॅट ही टीबीची जनुकीय चाचणी त्याच तुकड्यावर होते, निकाल साधारण दोन तासांत येतो आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला जंतू दाद देतो का तेही कळतं. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायला मात्र सहा आठवडे थांबतात.

आणि यासाठी जादा टोचावं लागत नाही, याचाच मला राग येतो. कोअॅक्सियल पद्धतीत बाहेरची सुई, समजा १७ गेजची, एकदाच गाठीपर्यंत नेतात आणि तिच्यातून त्याहून बारीक, १८ गेजची तुकडा काढणारी सुई (गन) चार-पाचदा चालवतात. फुफ्फुसाचं आवरण एकदाच भेदलं जातं. तुकडे हातात असतात, फक्त टेबलाजवळ दुसरी डबी नसते. तुकडे घेणारा रेडिओलॉजिस्ट, फॉर्म भरणारा ज्युनियर आणि औषध देणारा छातीचा डॉक्टर हे तिघं वेगळे. फॉर्मवर नुसतं 'लंग मास, बायोप्सी' लिहिलं असेल तर डबी ठेवणार कोण? आम्हाला काउंटरवर उलट ऐकवलं, 'तुम्ही सांगायला हवं होतं.' पेशंटच्या घरच्यांनी सांगायची गोष्ट आहे का ही?

पण आता तुम्ही सांगाच. फॉर्मवर 'कॅन्सर की टीबी की बुरशी' हा प्रश्न आणि 'हिस्टो, सीबीनॅट, एएफबी कल्चर (टीबीसाठी), फंगल कल्चर (बुरशीसाठी)' हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची) शंका असेल तर फ्लो सायटोमेट्री या पेशींच्या तपासणीसाठीही ताजा तुकडा लागतो, तोही आधीच ठरवा. सगळ्या डब्यांवर नाव, बाजू, वेळ. सलाईनची डबी त्याच दिवशी लॅबला पोचवा. नागपुरात धंतोलीहून मेडिकल कॉलेजपर्यंतचं अंतर फार नाही, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका. बर्फाच्या पिशवीसोबत थर्मोकोलच्या डब्यात न्या. गोठवायची मात्र नाही.

दुसरं, तुकडा कुठून घेणार ते विचारा. मोठ्या गाठीचं मधलं मांस बरेचदा मेलेलं असतं, तिथून 'नेक्रोसिस'शिवाय काही येत नाही. आधीचा कॉन्ट्रास्ट सीटी किंवा पेट स्कॅन असेल तर त्याची सीडी सोबत न्या, म्हणजे जिवंत कड दिसते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, प्लेटलेट (साधारण ५० हजारांच्या वर) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) हे डॉक्टर स्वतः बघतीलच. त्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल बहुधा पाच दिवस आधी बंद करतात, पण स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही चुकवू नका. टोचताना श्वास दरवेळी सारखाच रोखावा लागतो, नाहीतर गाठ सरकते. घरी दोन दिवस सराव करून घ्या.

बायोप्सीनंतर फुफ्फुसाभोवती हवा साचू शकते, म्हणून काही तासांनी एक्स-रे होतो. गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्यांनी ती रात्र नागपुरातच काढावी, हे माझं ठाम मत.

आणि परत सुई घालण्याआधी लॅबमधून जुना पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला आधीचा तुकडा) मागा. त्यात मांस उरलं असेल तर झेड-एन (टीबीचे जंतू दाखवणारा रंग) आणि बुरशीचे स्टेन, टीबी पीसीआर (टीबीची जनुकीय तपासणी) होऊ शकते. ताज्या तुकड्याइतकी खात्री नाही, निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असंही नाही, पण पॉझिटिव्ह आलं तर वडिलांची दुसरी सुई वाचेल.