एनजीसी १३६५ ही दांडा (मधोमध ताऱ्यांचा सरळ पट्टा) असलेली सर्पिल दीर्घिका घरच्या दुर्बिणीतून फोटोसारखी दिसते का? नसेल तर दुर्बीण घेऊन उपयोग काय?

फोटोसारखी नाही दिसत. पण ‘उपयोग काय’ वाचलं आणि माझा मेहुणा आठवला, म्हणून लिहितोय.

डिसेंबरअखेरची गोष्ट, अमावस्या जवळ आलेली. भोरच्या पुढे मित्राच्या शेतात माझी ८ इंची डॉबसोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) लावली होती. आपल्याकडून ही दीर्घिका फार तर ३५ अंश वर येते, दक्षिणेला डोंगर असला तर विषयच संपला. दहाच्या सुमारास सापडली. आधी नुसता धुरकट ठिपका. नजर किंचित बाजूला ठेवून वीसेक मिनिटं बघत राहिलो, तेव्हा ठिपक्याच्या दोन्हीकडे पुसट दांडा आणि त्याच्या एका टोकाकडून वळलेली भुजा, म्हणजे ताऱ्यांचा वळणदार पट्टा. अंधारातच वहीत चित्र काढलं. मेहुण्याने दहा सेकंद डोळा लावला. म्हणाला, "दाजी, या डागासाठी एवढे पैसे?"

तो डाग ६ कोटी प्रकाशवर्षांवरचा आहे. आपल्या आकाशगंगेच्या जवळपास दुप्पट रुंद. १९५७ ते २०१२ मध्ये तिथे चार सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, दिसले. दांड्यातून वायू आत ओढला जातो, केंद्राजवळ नवे तारे जन्मतात, कृष्णविवरालाही खाद्य मिळतं. फोटोतला गुलाबी रंग हायड्रोजनच्या ढगांचा, तो इतक्या मंद उजेडात डोळ्याला कळतच नाही. हे सगळं त्याला सांगितलं. त्याने मोबाईलवर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेला हिचा फोटो शोधून काढला आणि वर म्हणे, "चित्र यावरूनच उतरवलंत ना?"

तेव्हापासून प्रत्येक लग्नात हाच विनोद. अरे, उतरवलं असतं तर दोन्ही भुजा नसत्या का काढल्या? माझ्या वहीत एकच आहे, कारण मला एकच दिसली!

आणि १८२६ साली जेम्स डनलॉप या खगोलनिरीक्षकाने ही शोधली ती ९ इंची दुर्बिणीतूनच, धातूच्या आरशाच्या. त्याला कोणी पैशांचा हिशेब विचारला नव्हता. (तो ऑस्ट्रेलियात होता, तिथे ही जवळजवळ डोक्यावर येते, हे मान्य.)

तेव्हा दुर्बीण खुशाल घ्या, फक्त शहरातल्या गच्चीवरून ही बघायची असेल तर नका घेऊ. तिथून मलाही काहीच दिसलेलं नाही. हे मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.